काळी आणि हिरवी रॅम एकत्र नांदेल का? (चार स्लॉट, दोन वेगळी किट, निळा स्क्रीन)

अल्बमवाला (मंगळवार, रात्री ११:४०)

मंडळी, मदत हवीये. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी लग्नाचे अल्बम डिझाईन करतो, घरूनच, लालबागला. फोटो काढणारे वेगळे, ते पेनड्राइव्ह आणून टाकतात आणि "परवा द्या" म्हणून जातात. पीसी २०२० चा, रायझन ५ ३६००, बी४५० बोर्ड, चार स्लॉट, त्यात ८-८ च्या दोन रॅम. काळ्या, वर पत्र्याचं जाकीट, ३२०० सीएल१६. इतक्या वर्षांत एकदा कुरकुरला नाही बिचारा.

पण आता १६ जीबी पुरत नाही. १२ बाय ३६ इंचाचं एक पान ३०० डीपीआयला उघडलं की १०,८०० गुणिले ३,६०० पिक्सेल, म्हणजे एका लेयरलाच शंभर एमबीच्या वर, आणि माझ्या पानात पंधरा-वीस लेयर असतात (नवरा, नवरी, फुलं, परत फुलं, नवरीच्या आईला आवडलेला मोर). अशी चार पानं उघडी, बाजूला क्रोम, की मेमरी ९८ टक्के आणि माऊस लंगडायला लागतो.

म्हणून गेल्या शनिवारी लॅमिंग्टन रोडला गेलो. तीच काळी काही मिळेना, एके ठिकाणी होती तर भाव ऐकून पायऱ्या उतरलो. शेवटी एकाने हिरवी, बिनजाकिटाची, ८-८ ची जोडी दिली. मी विचारलं जुनीबरोबर चालेल ना, तर म्हणाला "३२०० म्हणजे ३२००, डोळे मिटून लावा." डोळे मिटून लावली.

चालू करताना तीनदा आपोआप बंद-चालू झाला, मग आला. ३२ जीबी दाखवले, मी खूश, बायकोला बोलावून दाखवले. अर्ध्या तासाने एक्स्पोर्ट लावला आणि निळा स्क्रीन, मेमरी मॅनेजमेंट. परत चालू केला, परत तेच, तिसऱ्यांदा आयआरक्यूएलवाला वेगळाच निळा. हिरव्या काढल्या की सगळं सुरळीत.

वेगवेगळी रॅम एकत्र चालतच नाही का? की मी काही चुकतोय? शुक्रवारी अल्बम द्यायचाय.

चौथी सीट (मंगळवार, रात्री ११:५२)

वाचतोय. माझेही दोन स्लॉट रिकामे आहेत, कोणी "जरा सरका" म्हणत येईल म्हणून वाट बघतायत.

खोडरबर (बुधवार, सकाळी ७:१०)

आधी बाकी काही करू नका. प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा, चारही रॅम बाहेर काढा आणि सोनेरी दातांवरून पांढरा मऊ खोडरबर फिरवा. पांढराच. तो निळं टोकवाला शाईचा रबर असतो तो खरखरीत, सोन्याचा मुलामा घेऊन जातो. दातांच्या लांबीत फिरवायचा, आडवा नाही, आणि चुरा ब्रशने झटकायचा, तोंडाने फुंकायचा नाही, थुंकी उडते. मुंबईच्या हवेत पावसाळाभर उघडा राहिलेला रिकामा स्लॉट म्हणजे आत ओल, धूळ आणि क्वचित एखादं झुरळ.

परत लावताना दोन्ही टोकांना अंगठ्याने दाबा, कट्ट असा आवाज येईपर्यंत. काही बोर्डांवर एकाच बाजूला कडी असते, दुसरी बाजू बसल्यासारखी वाटते पण बसलेली नसते. माझ्याकडे आलेल्या "रॅम खराब"पैकी निम्म्या केसेस खोडरबराने सुटल्यात, चार्जेस घेताना मलाच लाज वाटते.

शून्य_एक (बुधवार, सकाळी ९:०५)

रबर फिरवा जरूर, पण इथे मामला वेगळा वाटतोय.

दुकानदार "३२०० म्हणजे ३२००" म्हणाला ते अर्धंच खरं आहे. प्रत्येक रॅमवर एक बारकी चिप असते, तिला एसपीडी म्हणतात, त्यात त्या रॅमची कुंडली लिहिलेली असते: कुठल्या स्पीडला, किती टायमिंगला, किती व्होल्टला चालेन. तुमची काळी जाकीटवाली बहुतेक मुळात २१३३ किंवा २४०० चीच आहे, ३२०० सीएल१६ हे तिचं एक्सएमपी प्रोफाईल, तेही १.३५ व्होल्टवर. म्हणजे कंपनीने तपासून दिलेलं ओव्हरक्लॉकच, मूळ वेगाच्या वर पळवणं. हिरवी बहुतेक साधी जेडेक (रॅमची मानकं ठरवणारी संस्था) ३२००, १.२ व्होल्ट, पण टायमिंग सीएल२२. सीएल म्हणजे डेटा मागितल्यावर तो येईपर्यंतचे ठोके, आकडा मोठा तितकी वाट जास्त. स्पीड एक, चाल वेगळी. सीएल गुणिले २००० भागिले स्पीड करा, काळीला १० नॅनोसेकंद लागतात, हिरवीला पावणेचौदा.

आता एक्सएमपी चालू ठेवून चार लावल्या की बऱ्याचदा बोर्ड काळीचं प्रोफाईल उचलतो आणि चौघींना १६ च्या चालीने पळवतो. हिरवी धापा टाकते, आणि ती जिथे चुकते तिथे तुमचा निळा स्क्रीन. तीनदा बंद-चालू झाला तो बोर्ड मेमरी ट्रेन करायचा, म्हणजे चौघींना झेपेल अशी चाल शोधायचा, प्रयत्न करत होता.

तर आज एवढंच करा: बायोसमध्ये (बोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी बंद (काही बोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतात), सगळं ऑटो. चारही सावकाश चालतील पण चालतील. आणि हिरवीच्या लेबलवर काय छापलंय ते टाका इथे, आणि कुठली कुठल्या स्लॉटमध्ये लावलीये तेही.

डोंबिवली जलद (बुधवार, सकाळी ९:३१)

म्हणजे पत्रिका न बघता लग्न लावलं. ३२ जीबी जमले पण छत्तीस गुण जमले नाहीत.

निशिगंध (बुधवार, सकाळी १०:२०)

उगाच घाबरवू नका हो त्यांना. माझ्याकडे चार स्लॉटमध्ये चार वेगळ्या कंपन्यांच्या रॅम आहेत, एक तर भावाच्या मेलेल्या पीसीतली. २०१९ पासून चालू आहे, एकदाही निळा-पिवळा काही दिसला नाही. किट वगैरे सगळं विकायचे धंदे.

शून्य_एक (बुधवार, सकाळी १०:४४)

निशिगंधताई, टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी. तिथे स्पीड काय दिसतो?

निशिगंध (बुधवार, सकाळी १०:५८)

२१३३. का?

पाटावरवंटा (बुधवार, सकाळी ११:०२)

आणि त्यातली सगळ्यात महागडी कुठली घेतली होती, ३६०० ची ना? ती इतकी वर्षं बोरिवली स्लोने चर्चगेटला जातेय.

निशिगंध (बुधवार, सकाळी ११:१०)

पोचते ना! माझं टॅली आणि एक्सेल, मला काय रेस लावायचीये.

शून्य_एक (बुधवार, सकाळी ११:२५)

चुकीचं काहीच नाही त्यात, उलट हेच उदाहरण मला द्यायचं होतं. वेगवेगळी रॅम चालत नाही असं नसतं, सगळ्यात हळू असणारीच्या चालीने बाकीच्या चालतात, बस. ताईंनी एक्सएमपीला हात लावला नाही म्हणून त्यांचा संसार टिकला.

जुना खेळिया (बुधवार, दुपारी १:१५)

तुमचं हे वाचून गंमत वाटली. आमच्या वेळी मिसळायची सोयच नव्हती.

आमच्याकडे ४८६ होता, त्यात ३० पिनांचे सिम लागायचे (मोबाईलचं नव्हे, रॅमच्या पट्टीला तेव्हा सिम म्हणायचे). प्रोसेसरचा रस्ता ३२ बिटांचा आणि एक सिम द्यायचा ८ बिट, म्हणजे चार एकदम लावले तरच मशीन उठायचं. एक वाढवतो, पुढच्या महिन्यात दुसरा वाढवू, असं नाही. पुढे पेंटियम आला त्याचा रस्ता ६४ बिटांचा, ७२ पिनांचा सिम ३२ बिटांचा, म्हणून तिथे जोडीने. ८ एमबीचे (जीबी नाही, एमबी) १६ करायला आईने भिशी उचलली होती. मी ग्रँट रोडहून परत येताना ती पुडी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवून वर हात दाबून उभा होतो, गर्दीत लोकांना वाटलं असेल छातीत दुखतंय.

आणि घरी येऊन लावली तर दोनातली एक वेगळ्या नॅनोसेकंदाची निघाली, ६० च्या जागी ७०. मशीन कधी उठायचं, कधी नुसतंच बीप बीप. तेव्हा गूगल नव्हतं, पंधरा दिवस मी देवाला दोष देत होतो.

खोडरबर (बुधवार, दुपारी १:४०)

काका दंडवत. अवांतर: २६ जुलै २००५ ला आम्ही कालिन्याला तळमजल्यावर. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आमचं कॅबिनेट पूर्ण बुडलं. चिखल उतरल्यावर बोर्ड, रॅम सगळं नळाखाली धुतलं आणि ऊन पडेल तेव्हा गच्चीवर पापडांसारखं वाळत घातलं. हार्डडिस्क गेली, एसएमपीएस गेला, रॅम पंधरा दिवसांनी लावली तर चालू. अर्थात आधी खोडरबर मारला होता :)

भाईंदर फास्ट (बुधवार, दुपारी २:०५)

माझ्या लॅपटॉपमध्ये ८ जीबी बोर्डवरच चिकटवलेली आहे आणि एक स्लॉट रिकामा आहे. त्यात १६ टाकली तर चालेल का? ऑफिसातला पोरगा म्हणतो ८ च टाका नाहीतर ड्युअल चॅनल होणार नाही.

पाटावरवंटा (बुधवार, दुपारी २:११)

आला हायजॅकर. नवीन धागा काढा की.

अल्बमवाला (बुधवार, रात्री १०:३०)

सगळ्यांचे आभार, दिवसभर कामात होतो.

खोडरबर मारला चौघींना, काळ्यांच्या दातांवरून खरंच काळपट निघालं. एक्सएमपी बंद केला. आता सीपीयू-झेडमध्ये १०६६ दाखवतंय!! ३२०० ची रॅम १०६६? दुकानदाराने टोपी घातली का?

हिरवीवर छापलंय १आरएक्स८ पीसी४-३२००एए. लावल्यात अशा: प्रोसेसरकडून पहिल्या दोनात हिरव्या, पुढच्या दोनात काळ्या.

आणि वाईट बातमी: एक्सएमपी बंद असूनही आत्ता परत निळा स्क्रीन आला. त्यामुळे पत्रिकेचं मला काही खरं वाटत नाही.

शून्य_एक (बुधवार, रात्री १०:५५)

१०६६ ने घाबरू नका. डीडीआर म्हणजे एका ठोक्याला दोनदा डेटा, सीपीयू-झेड ठोके दाखवतं, टास्क मॅनेजर दुप्पट करून. १०६६ म्हणजे २१३३. टोपी घातलेली नाही, निदान इथे तरी.

एए म्हणजे सीएल२२, तेवढा अंदाज बरोबर निघाला. १आर म्हणजे सिंगल रँक, चिपांचा एकच संच, ते चांगलंच आहे, तुमच्या ३६०० ला चार सिंगल रँक लावल्या तर एएमडीचा स्वतःचा आकडा २९३३ पर्यंतचा आहे, ड्युअल रँक असत्या तर २६६७ वर आला असता. म्हणजे चार भरल्यावर ३२०० चा आग्रह तसाही सोडायचाच.

स्लॉट चुकलेत. प्रोसेसरकडून रॅमकडे दोन रस्ते जातात, त्यांना चॅनल म्हणतात: पहिला आणि दुसरा स्लॉट एका चॅनलचे, तिसरा-चौथा दुसऱ्या चॅनलचे. तुम्ही एका चॅनलला दोन्ही हिरव्या आणि दुसऱ्याला दोन्ही काळ्या दिल्यात. काळ्या लावा दुसऱ्यात आणि चौथ्यात, हिरव्या पहिल्यात आणि तिसऱ्यात. दोन्ही चॅनलना एक काळी एक हिरवी.

पण एवढ्याने २१३३ वर निळा स्क्रीन यायला नको होता. एवढ्या सावकाश चालीला धडधाकट रॅम सहसा पडत नाही. आता मिसळण्याचा विषय बाजूला ठेवा आणि एकेक रॅम तपासा. पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) घाला, फुकटवाल्यात चार पास होतात. एकच रॅम, दुसऱ्या स्लॉटमध्ये, एक्सएमपी बंद, रात्रभर. मग दुसरी.

डोंबिवली जलद (बुधवार, रात्री ११:०३)

म्हणजे नवरा-बायकोला मुद्दाम वेगवेगळ्या डब्यात बसवायचं? मध्य रेल्वे हे कधीपासून करतेय.

अल्बमवाला (बुधवार, रात्री ११:०९)

चार रॅम, चार रात्री. शुक्रवारी अल्बम द्यायचाय हो!

शून्य_एक (बुधवार, रात्री ११:१२)

काळ्या सोडून द्या, त्या इतकी वर्षं चालल्यात. हिरव्यांपासून सुरुवात करा. खरंच खराब असेल तर बऱ्याचदा पहिल्या दहा मिनिटांतच लाल होतं.

पाटावरवंटा (गुरुवार, सकाळी ९:४०)

माझं मत वेगळं आहे आणि मी ते मांडणारच. हा सगळा जुगाड कशाला? चारही विका, १६-१६ चं एक किट घ्या, ३६०० सीएल१८. रायझनला मेमरीचा स्पीड आणि आतल्या फॅब्रिकचा (प्रोसेसरचे भाग जोडणाऱ्या रस्त्याचा) स्पीड बांधलेला असतो, रॅम हळू केली की प्रोसेसरचे दोन्ही भाग एकमेकांशी हळू बोलतात. माझ्या गेममध्ये २६६६ आणि ३६०० मध्ये डोळ्यांना फरक दिसतो. चार रॅम म्हणजे मेमरी कंट्रोलरवर दुप्पट ओझं, दोन कधीही चांगल्या.

निशिगंध (गुरुवार, सकाळी १०:०५)

ते नवरीच्या आईचा मोर लावतायत, तुमच्यासारखे माणसं मारत नाहीत.

अनवट (गुरुवार, सकाळी १०:५०)

पाटावरवंटा, तत्त्वतः बरोबर, पण तुम्ही शेवटची रॅम कधी घेतली? मी २०२३ मध्ये १६ ची एक तीन हजारांच्या आत घेतली होती. आता त्याच दुकानात विचारा आणि खुर्ची जवळ ठेवा.

जगात रॅमच्या चिप करणारे मोठे म्हणजे तीनच, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. आपल्याला दिसणाऱ्या बाकीच्या नावांत बरेच जण यांच्याच चिप विकत घेऊन जाकीट शिवतात. त्या तिघांना आता एआयच्या डेटा सेंटरवाल्यांकडून इतकी मागणी आहे की घरगुती गिऱ्हाईक म्हणजे आपण, दारात ताटकळतोय. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये जाहीरच केलं की क्रूशियल नावाने चालणारा किरकोळ धंदा बंद करतोय. डीडीआर४ तशीही म्हातारी झाली, कारखाने डीडीआर५ कडे वळले. अशात माणूस जुनी रॅम फेकून नवीन किट घेईल की आहे तिला जोड शोधेल? या वर्षी हा "मिसळू का" प्रश्न सगळ्यांना पडणार आहे.

पाटावरवंटा (गुरुवार, सकाळी ११:१५)

विचारून आलो. खुर्चीत बसलोय. माघार.

जुना खेळिया (गुरुवार, दुपारी १२:३०)

भिशी परत सुरू करा.

अल्बमवाला (गुरुवार, रात्री १०:१५)

सापडली!!

पहिली हिरवी रात्री लावून झोपलो, सकाळी चार पास, शून्य चूक. दुसरी सकाळी चहा टाकताना लावली, चहा उकळायच्या आत स्क्रीन लाल. चुकांचा आकडा रिक्षाच्या मीटरसारखा पळत होता. काढली, खोडरबर मारला, परत लावली, वेगळ्या स्लॉटला लावली, तरी लाल. म्हणजे बिचाऱ्या काळ्यांचा काही दोष नाही, लग्नाचा पण नाही, एक हिरवी मुळातच आजारी होती.

मग दुपारी ती घेऊन दुकानात. तिथे जे झालं ते ऐका. दुकानदार (नाव घेत नाही) पहिलंच वाक्य म्हणाला, "तुम्ही मिक्स केली ना? मिक्स केली की जळते." परवा हाच म्हणत होता डोळे मिटून लावा! मी मोबाईलवरचा व्हिडिओ दाखवला, त्यात बोर्डवर एकटी हिरवी दिसते, बाकी तीन स्लॉट रिकामे, आणि समोर लाल स्क्रीन. व्हिडिओ काढायची अक्कल माझी नाही, बायकोची, ती म्हणाली "तोंडी सांगून लॅमिंग्टन रोडवर कोणी ऐकलंय का." तरी त्याने स्वतःच्या मशीनला लावून बघितली, पाच मिनिटांत तिथेही लाल. मग काही न बोलता खणातून दुसरी काढून दिली. बिल पक्कं घेतलं होतं, जीएसटीसकट, म्हणून जमलं. त्या दिवशी तो "बिल नको तर अठरा टक्के वाचतील" म्हणत होता, मी जवळजवळ हो म्हटलं होतं.

नवीन आलेली हिरवी दिसायला तीच, लेबल तेच, पण चिपवरचा छाप वेगळ्या कंपनीचा आहे. चालेल?

अनवट (गुरुवार, रात्री १०:४०)

चालेल. एकाच नावाच्या, एकाच लेबलच्या रॅममध्येसुद्धा बॅच बदलली की चिप बदलतात. म्हणूनच किट म्हणून एकत्र तपासून दिलेली जोडी आणि सुट्या घेतलेल्या दोन यात फरक. तुमच्याकडे आता दोन नाही, तीन घराणी आहेत.

खोडरबर (गुरुवार, रात्री १०:४८)

व्हिडिओची आयडिया मस्त. वहिनींना धाग्यावर आणा. आणि त्या "मिक्स केली की जळते"बद्दल, पस्तीस-चाळीस वर्षांच्या माझ्या रिपेअरिंगमध्ये एक डीडीआर४ दुसऱ्या डीडीआर४ मुळे जळालेली मी पाहिलेली नाही. उलटी घुसवलेली पाहिलीये. डीडीआर३ च्या स्लॉटमध्ये जोर लावून डीडीआर४ बसवायचा प्रयत्न केलेली पण पाहिलीये, एकीला २४० पिना, दुसरीला २८८, खाच पण वेगळ्या जागी, तरी माणूस म्हणाला "थोडी घट्ट होती."

चौथी सीट (गुरुवार, रात्री १०:५५)

चाळीस वर्षं डीडीआर४?

खोडरबर (गुरुवार, रात्री १०:५७)

रिपेअरिंग चाळीस वर्षं. डीडीआर४ आली तेव्हापासून. पकडा शब्दात.

शून्य_एक (गुरुवार, रात्री ११:२०)

छान झालं. मी सुरुवातीला सगळा दोष एक्सएमपीवर ढकलला होता, तो अंदाज माझा चुकला, निदान अर्धा.

आता पुढचं. ऑटोवर २१३३ आहे, तिथून हाताने वर चढा. आधी २६६६, टायमिंग १९-१९-१९-४३, ती साधी जेडेकची चाल आहे, हिरवीला अवघड जाऊ नये. रात्रभर मेमटेस्ट चौघी एकत्र. पास झालं तर २९३३ सीएल२१ करून बघा. ३२०० च्या नादी लागायचं तर सीएल२२ आणि व्होल्टेज १.३५, काळीला ते रोजचंच आहे, हिरवीला नाही. मी तुमच्या जागी असतो तर १.२ वरच राहिलो असतो. मशीन उठलंच नाही तर घाबरायचं नाही, बायोसची सेटिंग पुसणारा बोर्डवरचा क्लिअर सीमॉसचा जंपर, किंवा प्लग काढून बटण सेल पाच मिनिटं काढून ठेवायचा.

आणि मेमटेस्ट पास होईपर्यंत त्या मशीनवर गिऱ्हाइकाच्या मूळ फोटोंना हात लावू नका. खराब रॅममध्ये निळा स्क्रीन आला तर उलट बरं, निदान कळतं. न येता सेव्ह झालं तर फाईल आतून नासते आणि महिन्याने उघडताना समजतं.

अल्बमवाला (गुरुवार, रात्री ११:३१)

हे शेवटचं वाचून पोटात गोळा आला. त्या हिरवीवर दोन पानं सेव्ह केली होती.

शून्य_एक (गुरुवार, रात्री ११:३३)

फोटो पेनड्राइव्हवरून परत घ्या, ती दोन पानं नव्याने करा.

अल्बमवाला (गुरुवार, रात्री ११:३६)

मोर परत लावायचा :(

अल्बमवाला (रविवार, सकाळी ११:००)

अल्बम शुक्रवारी नाही, शनिवारी दिला. पार्टी फार काही बोलली नाही, फुलं कमी आहेत एवढंच म्हणाली. तो मी जुन्या दोन काळ्यांवरच पूर्ण केला, रात्री दोनपर्यंत बसून. हिरव्या काल दुपारनंतर परत चढवल्या.

मुद्द्याचं: ३२०० सीएल२२ ला मशीन उठलंच नाही, तीनदा बंद-चालू होऊन आपणहून खाली उतरलं. २९३३ ला विंडोज आलं, सगळं छान वाटलं, पण मेमटेस्टमध्ये तिसऱ्या पासला एक चूक. एकच. मला वाटलं एकाने काय होतंय, बायको म्हणाली मोर आठव. २६६६ सीएल१९ ला रात्री लावून झोपलो, आत्ता सकाळी चारही पास स्वच्छ. तिथेच मुक्काम. काळीच्या दहा नॅनोसेकंदांचे आता सव्वाचौदा झाले, पाटावरवंटा माफ करा.

आणि आता गंमत. तोच अल्बम, चाळीस पानं, तीच एक्स्पोर्ट परत लावून बघितली. आधी १६ जीबी ३२०० ला पन्नास मिनिटं लागत होती, आता ३२ जीबी २६६६ ला बत्तीस. रॅम हळू झाली आणि काम लवकर झालं, कारण मेमरी भरून डिस्कवर सांडायची ती सांडत नाही. सगळ्यात जास्त वापर दिसला तो २३ जीबी.

पाटावरवंटा (रविवार, सकाळी ११:२०)

माफ केलं. पण मी आठवड्याला एकदा येऊन २६६६ म्हणून खिजवणार.

निशिगंध (रविवार, सकाळी ११:४५)

माझं २१३३ अजून चालू आहे, कोणाला काही म्हणायचंय?

भाईंदर फास्ट (रविवार, दुपारी १२:१०)

माझ्या लॅपटॉपचं कोणी सांगेल का आता? ८ चिकटवलेली, १ स्लॉट. १६ टाकू?

शून्य_एक (रविवार, दुपारी १२:३२)

टाका. ८ आणि ८ जोडीने ड्युअल चॅनलला चालतील, १६ मधल्या उरलेल्या ८ एकट्या. पोरगं अगदीच चूक नाही, पण २४ जीबी मिळत असताना १६ वर थांबायचं कारण नाही. फक्त डीडीआर४ आहे की ५ ते आधी बघा, आणि लॅपटॉपची आखूड रॅम मागा, सोडिम म्हणून.

डोंबिवली जलद (रविवार, दुपारी १२:४०)

आणि व्हिडिओ काढून ठेवा.

भाईंदर फास्ट (रविवार, दुपारी १२:४४)

कसला व्हिडिओ? धागा लांब आहे, वाचला नाही.